वजन उतरलं, आता जन्मभर कॅलरी मोजत बसायचं का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. वय ३४, उंची ५ फूट २ इंच, दोन लेकरं. दुसऱ्या बाळंतपणानंतर वजन वाढत वाढत ७६ किलोवर गेलं होतं, वावरात निंदायला बसलं की उठता येत नव्हतं, गुडघे दुखायचे. मागच्या वर्षी भावानं मोबाईलमधे कॅलरीचं ॲप टाकून दिलं, छोटा वजनकाटा घेतला आणि चौदा महिन्यांत १७ किलो उतरवले. आता तीन महिन्यांपासून ५९ च्या आसपास आहे. पण अजूनही सगळं मोजून खाते, १३०० चं टार्गेट आहे, भाकरी तोलते, भाजी वाटीनं, चहाची साखर सुद्धा लिहिते. मागच्या महिन्यात चुलत सासऱ्यांची तेरवी होती, वरण भात बुंदी कशी मोजायची कळेना म्हणून डोकं दुखते सांगून न जेवता घरी आली. सासूबाई म्हणतात घरचं अन्न तोलून खाऊ नये, नवरा म्हणतो आता बस कर. परवा माझी नऊ वर्षांची पोरगी ताटात भाकरी घेता घेता म्हणाली, आई ही किती कॅलरीची, आणि मला कसंतरीच झालं. पण ॲप काढून टाकलं की पुन्हा ७६ व्हायची भीती वाटते. हे जन्मभर करावं लागते का?

उत्तर : ताई, आधी तुमचं मनापासून अभिनंदन, कारण खेड्यात एकत्र कुटुंबात राहून, सगळ्यांचा स्वयंपाक करून, स्वतःचं ताट वेगळं सांभाळणं किती अवघड असतं ते मी रोज बघते. आणि सरळ उत्तर देते, नाही, जन्मभर मोजावं लागत नाही. पण एका दिवसात सगळं सोडूनही देऊ नका, मोजणी हळूहळू सोडायची आणि तिच्या जागी एक साधी राखण ठेवायची, ती कशी ते खाली लिहिते.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली, ती तुमच्या लक्षात आली नसेल. तुम्ही म्हणता १३०० खाते आणि वजन तीन महिन्यांपासून ५९ वर थांबलंय. आता हिशोब बघा. तुमच्या वयाची, उंचीची, ५९ किलोची बाई घरकाम आणि थोडंफार वावरातलं काम करत असेल तर तिला वजन आहे तिथं ठेवायलाच रोज १७०० च्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे खरंच १३०० खात असता तर वजन अजून उतरत राहिलं असतं. ते उतरत नाही याचा अर्थ तुम्ही ॲपमधे लिहिता त्यापेक्षा जास्त खाता. तुम्ही खोटं लिहिता असं मी अजिबात म्हणत नाहीये, हे सगळ्यांचंच होतं. १९९२ साली न्यूयॉर्कमधे, आम्ही कमी खातो तरी वजन उतरत नाही असं सांगणाऱ्या काही लोकांवर अभ्यास झाला होता, त्यांचं खरं खाणं तपासलं तर ते सांगत होते त्याच्या जवळपास दुप्पट खाणं आत जात होतं हे दिसलं, सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्के कमी होता. भाजी चाखताना गेलेलं, लेकराच्या ताटात उरलेलं, मूठभर फल्लीदाणे, फोडणीचं तेल, हे कुठल्याच ॲपमधे जात नाही. आणि ॲपमधे 'एक भाकरी' लिहिलेली असते ती कोणाच्या हातची? ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी साधारण २०० कॅलरीची होते, तीच तुमच्या सासूबाईंनी ९० ग्रॅम पिठाची थापली तर ३०० ची, तोलल्याशिवाय फरक कळत नाही.

आता यातून घाबरायचं नाही, उलट धीर घ्यायचा. आकडा चुकीचा होता तरी वजन जागेवर राहिलं ना? मग ते कोणी धरून ठेवलं? तुमच्या सवयींनी. दीड भाकरीवर उठायचं, भाजी आधी वाढून घ्यायची, चहात एकच चमचा साखर, तर्री वरून ओतून घ्यायची नाही, हे तुमच्या हाताला चौदा महिन्यांत लागलंय. ॲपनं तुम्हाला शिकवलं, पण आता जे चाललंय ते तुमचं तुम्ही चालवता. एवढं पटलं की ॲप काढायची भीती अर्धी कमी होईल असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे आपल्याकडे वर्षभर एकच टार्गेट ठेवणं मुळातच चूक आहे, आणि हे शहरातल्या माणसांसाठी बनवलेल्या ॲपला कळत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली जे आकडे दिले त्यात ५५ किलोच्या बाईला बैठं काम असेल तर १६६० कॅलरी, मध्यम काम असेल तर २१३० आणि जड काम असेल तर २७२० लागतात असं आहे. बैठ्या कामात आणि जड कामात हजार कॅलरीच्या वर फरक! तुम्ही ऑगस्टमधे दिवसभर निंदण करता, दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची काढणी, मग कापूस वेचणी, आणि एप्रिल-मे मधे ४५ डिग्रीत दुपारभर घरात. निंदणाच्या दिवसांत १३०० वर राहणं म्हणजे अंगावर अन्याय करणं आहे, चक्कर येते, चिडचिड होते, रात्री झोपताना काहीतरी खावंसं वाटतं आणि मग स्वतःलाच दोष देतो आपण. उलट वजन वाढतं ते उन्हाळ्यात, कारण काम थांबलेलं असतं आणि लग्नं, आमरस आणि सरगुंडे, वाळवणाचे पापड कुरडया तळणं, सगळं त्याच दोन महिन्यांत येतं. माझ्याकडे येणाऱ्या बायांमधे परत चढलेल्या वजनाचा हिशोब मांडला की तो बहुतेक वेळा लग्नसराईत सुरू झालेला निघतो. म्हणून जास्त लक्ष मे महिन्यात द्या, ऑगस्टमधे पोटभर जेवा.

पण एक खरं आहे आणि ते लपवून ठेवणं बरोबर नाही. १७ किलो उतरल्यावर तुमच्या शरीराला ७६ किलोच्या दिवसांपेक्षा रोज दोनशे-सव्वादोनशे कॅलरी कमी लागतात, कारण वागवायला ओझंच कमी झालंय. म्हणजे साधारण एक भाकरी. ही एक भाकरी कायमची कमी झाली, ती परत आली की वजन परत येईल. भूक मात्र लगेच कमी होत नाही. मेलबर्नच्या डॉक्टरांनी २०११ साली दाखवलं होतं की वजन उतरवून एक वर्ष झालं तरी भूक लावणारी आणि पोट भरल्याचं सांगणारी हार्मोन्स पूर्वीसारखी झालेली नव्हती, शरीर अजून जास्त मागतच होतं. म्हणून वजन परत चढणं हा आळस नाही की मनाचा कमकुवतपणा नाही, आणि म्हणूनच अगदीच सोडून देऊन चालत नाही, राखण लागते.

तर राखण कशी ठेवायची. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकवलेल्या लोकांची एक मोठी नोंद ठेवतात, निदान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेली माणसं त्यात असतात, दहा हजारांच्या वर. त्यातले चारात तीन लोक आठवड्यातून एकदा तरी वजन बघतात आणि बहुतेक जण रोज तासभर अंगमेहनत करतात. अंगमेहनत तुमच्याकडे आहेच, उन्हाळा सोडून. आणि २००६ साली तिथंच ३१४ लोकांवर एक प्रयोग झाला, ज्यांना वजन रोज बघायला आणि वाढ ठराविक रेषेच्या पुढे गेली की लगेच काहीतरी करायला समोरासमोर बसवून शिकवलं, त्यांच्यात दीड वर्षात सव्वादोन किलो किंवा जास्त वजन परत चढलेले ४६ टक्के होते, आणि ज्यांना फक्त माहितीपत्रकं पाठवली त्यांच्यात ७२ टक्के. मला यातली 'रेष' आवडते. तुमची रेष ६१ ठेवा. दर रविवारी सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. मोठा काटा घरी नसेल तर आशाताईंना विचारा किंवा उपकेंद्रात जाऊन या. एखाद्या रविवारी किलोभर जास्त दिसलं तर घाबरू नका, आदल्या दिवशी खारट खाल्लं, पाळी जवळ आली की पाणी धरतं अंग. पण लागोपाठ दोन रविवार ६१ च्या वर गेलं तर ॲप परत सुरू करायचं, दोन आठवडे मोजायचं, कुठं निसटलं ते सापडलं की परत बंद. मोजणी ही औषधासारखी वापरा, दुखलं तर घ्यायची, जेवणासारखी रोज नाही.

सोडायची कशी तेही सांगते. पहिले पंधरा दिवस फक्त रात्रीचं जेवण लिहू नका, कारण ते घरी, तुमच्या हातचं, रोजचंच असतं. वजन जागेवर राहिलं की दुपारचं सोडा, शेवटी चहा-फराळ. पण दोन भांडी पक्की ठेवा, तुमची एक वाटी आणि तेलाची एक छोटी पळी, ती बदलू नका. तेलाकडे मात्र लक्ष राहू द्या, कारण भाकरीच्या पिठात ग्रॅमला चारपेक्षा कमी कॅलरी आणि तेलात ९, आणि आपल्या वऱ्हाडी रश्शाला तेल भरपूर. ताट तोलण्यापेक्षा तेलाचा डबा बघा, तो किती दिवस पुरला. पोषण संस्थेनं २०२४ मधे २००० कॅलरीचं जे ताट सांगितलं त्यात तेल-तूप दिवसाला माणशी २७ ग्रॅम आहे, म्हणजे पाच माणसांच्या घरात महिन्याला चार किलोच्या आसपास, आणि तुम्हाला २००० लागत नाही तर तुमच्या वाट्याला त्याहून थोडं कमी. चार माणसांत पाच-सहा किलो संपत असेल तर ताटात कितीही मोजा, फायदा नाही. हे सगळ्या घराच्याच भल्याचं आहे, सासूबाईंनाही पटेल, कारण यात अन्न तोलणं नाही.

आता तेरवीचं. ताई, ते वाचून मला वाईट वाटलं. दुःखाच्या घरी जाऊन पंगतीत न बसता परत येणं हे तुम्हालाही लागलं असणार, नाहीतर तुम्ही ते लिहिलं नसतं. एका जेवणानं कोणाचं वजन वाढत नाही, हजार कॅलरी जास्त गेल्या तरी नाही, वाढतं ते रोजच्या थोड्या थोड्यानं. पुढच्या वेळी बसा पंगतीत, वरणभात घ्या, बुंदी घ्या, पोट भरलं की हात धुवा, आणि दुसऱ्या दिवशी उपास करू नका. नेहमीसारखं जेवा. जेवण टाळणं, दुसऱ्याच्या हातचं खाताना धडधड होणं, मोबाईल डिस्चार्ज झाला तर जेवावं की नाही कळेनासं होणं, जास्त खाल्लं म्हणून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं, पाळी अनियमित होणं, केस गळणं, यातल्या तीन-चार गोष्टी एकदम होत असतील तर मग वर सांगितलेलं हळूहळू वगैरे काही नको, मोजणी आजच थांबवा आणि डॉक्टरांना भेटा. सरकारचा टेलि मानस म्हणून फोन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, मनातली भीती बोलायला त्याचा उपयोग होतो. फार कमी खाण्यानं मनाचं काय होतं हे १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला बघितलं गेलं होतं, ३६ धडधाकट तरुणांना जवळपास सहा महिने दिवसाला १६०० कॅलरीच्या आसपास ठेवलं होतं आणि भरपूर चालायला लावलं होतं, ते दिवसभर फक्त खाण्याचाच विचार करू लागले, पाककृती वाचत बसायचे, चिडचिडे आणि उदास झाले. तुमचं टार्गेट त्यांच्यापेक्षाही कमी लिहिलेलं आहे हे लक्षात घ्या आणि आधी ते १६००-१७०० करा, कामाच्या दिवसांत त्याच्याही पुढे.

आणि पोरीचं. तिला उत्तर द्या, टाळू नका. म्हणा की आई आजारी पडू नये म्हणून मोजत होती, आता आई बरी झाली, आणि तुझ्या वयात मोजायचं नसतं, तू वाढून राहिली, भूक लागली की जेवायचं. काटा तिच्यासमोर वापरू नका, तिच्या ताटाकडे बघून काही बोलू नका, आपल्या पोटाला हात लावून 'किती सुटलंय' असंही तिच्यासमोर नको. लेकरं ऐकण्यापेक्षा बघून शिकतात.

प्रश्न : नमस्कार ताई. मी भंडारा जिल्ह्यातला, वय ४६, गावात किराणा दुकान आहे. शुगर बॉर्डरवर निघाली होती म्हणून दोन वर्षांपूर्वी मोजून मोजून १२ किलो कमी केलं. मागच्या दिवाळीपासून मोजणं सोडलं आणि सात किलो परत चढलं. आता कोणाला तोंड दाखवायची लाज वाटते. पुन्हा सुरू करू का?

उत्तर : हो भाऊ, तुम्ही करा, आणि लाज कशाची? वर लिहिलंच आहे शरीर कसं ओढतं ते. सात चढले पण पाच अजून उतरलेलेच आहेत, ते धरून बसा. तुमच्याबाबतीत मोजणी थांबवणं चुकलं नाही, तिच्या जागी काहीच ठेवलं नाही ते चुकलं, आणि दिवाळीच्या तोंडावर सोडलं.

सगळं मोजू नका, दोनच गोष्टी महिनाभर लिहा. एक भात. तुमच्याकडे धानाचा पट्टा, दोन्ही वेळ भात असणारच, तो शिजल्यावर मोजण्यापेक्षा कच्चा तांदूळ मोजा. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात साधारण ३५० कॅलरी, शिजला की तो अडीच-तीन पट होतो आणि वाटी वाटीनं किती गेला कळत नाही. एक छोटा ग्लास ठरवा, त्याच्यापुढे तुमच्या वाट्याचा तांदूळ जाऊ देऊ नका, आणि उरलेली जागा वरणानं, पालेभाजीनं, मासोळी खात असाल तर तिनं भरा. दुसरं दुकानातलं बसल्या जागी तोंडात जाणारं. शेव, चिवडा, फुटाणे, गिऱ्हाईकासोबतचा चहा. ५० ग्रॅम शेव अडीचशे कॅलरीच्या पुढे जाते, म्हणजे सव्वा भाकरी, आणि ती जेवण म्हणून कोणी धरत नाही. दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे आणखी दीडशे. माझा अंदाज आहे की तुमचे सात किलो गल्ल्यावर बसूनच चढलेत. घरून भाजलेले फुटाणे एका छोट्या डबीत मोजून न्या, ती संपली की संपलं.

काटा नसेल तर एक सुतळी घ्या, तुमच्या उंचीएवढी कापा, ती मधोमध दुमडा. दुमडलेली सुतळी बेंबीभोवती, पोट आत न ओढता, गुंडाळता आली पाहिजे. आली नाही तर पोटावरची चरबी जास्त आहे, आणि शुगरला हीच चरबी जास्त त्रास देते. महिन्यातून एकदा हे बघा. शुगरची गोळी सुरू असेल तर भात एकदम कमी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, काही गोळ्यांवर कमी खाल्लं की साखर एकदम खाली येते. आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी, एचबीए१सी, ती करून घ्या, वजनापेक्षा तुमच्यासाठी तो आकडा मोठा आहे.

प्रश्न : मी १९ वर्षांची, वाशिम जिल्ह्यातली, अमरावतीला होस्टेलला राहते. उंची ५ फूट १ इंच, वजन ४८. रूममधल्या सगळ्या मुली कॅलरी मोजतात. मी कोणतं ॲप घेऊ?

उत्तर : कोणतंच नको बेटा. तुझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २० येतो, आपल्याकडे १८.५ ते २२.९ ठीक धरतात, तू अगदी मधोमध आहेस. उतरवायला काही नाहीये. तुझ्या वयाच्या मुलींना कमी पडतं ते दुसरंच, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बाया-मुलींमधे रक्त कमी निघालं. तर सुट्टीत घरी गेलीस की सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घे, १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखव. आणि होस्टेलला परत जाताना आईकडून जवसाची चटणी, फल्लीदाण्याचे लाडू आणि भाजलेले फुटाणे बांधून ने, मेसमधलं वरण पातळ असतं त्या दिवशी कामी येतील. मैत्रिणींनाही दे.